उसनी बॅटरी

करळ फाट्यापाशी आले की आजही माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. थांबावं असं तिथे आता काही उरलेलं नाही. उड्डाणपूल झाले, रस्ता रुंद झाला, कडेच्या टपऱ्या उठल्या. पण २०१४ च्या जुलैमधल्या एका रात्री याच रस्त्याच्या कडेला मी एका भल्या माणसाची चालती गाडी बंद पाडली होती. त्याच रात्री दुसऱ्या एका माणसाने रात्र जागून काढली, म्हणून सकाळी माझे बाबा डायलिसिसला वेळेत पोचले. या दोघांचं देणं माझ्या अंगावर आहे. एकाचं थोडंफार फेडता आलं, दुसऱ्याचं तेवढंही नाही.

मी तेव्हा न्हावा शेव्यात एका सीएचएकडे, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाची कस्टमची कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटकडे कामाला होते. या कामात घड्याळ आपलं नसतं, जहाजाचं असतं. कट-ऑफच्या आत कंटेनर गेटमधून आत गेला पाहिजे, त्याआधी शिपिंग बिल झालं पाहिजे, आणि शेवटच्या घटकेला कुठला तरी आकडा कुठल्या तरी कागदाशी जुळत नाही. त्या गुरुवारी तसंच झालं. दुपारी काळोख करून पाऊस आला होता, म्हणून मी हेडलाइट लावून आले होते. फाट्याजवळ सर्व्हिस रोडला गाडी उभी केली, छत्री उघडायच्या गडबडीत दिवे तसेच राहिले. रात्री दहाला परत आले तेव्हा चावी फिरवल्यावर नुसतं टकटक झालं.

गाडी बाबांची होती. बाबा साताऱ्याकडचे, पण उरणला शाळेत गणित शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी ही एकच मोठी वस्तू स्वतःसाठी घेतली होती. दीड वर्ष चालवली, मग किडनीचं दुखणं निघालं आणि गाडी माझ्या हाती आली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला पनवेलला डायलिसिस. उद्या शुक्रवार होता.

पुढे एक ट्रेलर उभा होता. चालक केबिनमध्ये स्टोव्हवर चहा करत होता. मी त्याला विचारलं, तर तो खाली उतरला, माझं बॉनेट पाहिलं आणि मान हलवली. "मॅडम, हमारी चौबीस की है, आपकी बारह की." मोठ्या गाड्यांना बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. त्यातल्या एकीवरून वीज देता येते, पण अंधारात, पावसात ती जोखीम घ्यायला तो तयार नव्हता. तो शहाणा माणूस होता, हे मला पाऊण तासाने कळलं.

तेवढ्यात एक पांढरी, पिवळ्या पाटीची गाडी येऊन थांबली. कुठल्याशा कंपनीच्या दुसऱ्या पाळीच्या लोकांना सोडून चालक घरी निघाला होता. तिशीतला असेल. "ताई, काय झालं?" म्हणत तो स्वतःच उतरला, डिकीतून केबल काढल्या, गाडी माझ्या गाडीसमोर नाकाला नाक लावून उभी केली. केबल जुन्या होत्या. लाल केबलच्या एका टोकाचं आवरण फाटून तिथे काळी टेप गुंडाळलेली होती. त्याने आपल्या बाजूचे दोन्ही चिमटे लावले आणि मला ओरडून सांगितलं, "लाल प्लसला!"

माझ्या बॅटरीवर प्लस दिसत नव्हता. खाऱ्या हवेने दोन्ही टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड धरली होती, ऊन लागलेल्या मिठागरासारखी. मी खाकेत छत्री, तोंडात मोबाइलचा टॉर्च, असं करून त्याच्या बॅटरीकडे पाहिलं. त्याचा प्लस उजवीकडे होता. मी माझ्याही उजवीकडच्या खांबाला टेप नसलेला लालसर चिमटा लावला आणि दुसरा डावीकडे टेकवला.

बॅटऱ्या एल आणि आर अशा दोन जातींच्या येतात, एकीचा प्लस डावीकडे, दुसरीचा उजवीकडे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पूड पुसायची, चिन्ह शोधायचं, तेही नाही दिसलं तर खांबांची जाडी बघायची, कारण प्लसचा खांब मायनसपेक्षा किंचित जाड असतो, हेही नाही.

फटकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या. केबल हातात गरम झाली आणि रबर जळल्याचा वास आला. तो धावत आला, पायातल्या रबरी चपलेने माझ्या बाजूचा चिमटा उडवला आणि मला मागे ओढलं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीने तो पेटला तर बॅटरी फुटून आतलं ॲसिड तोंडावर येतं. त्याला ते ठाऊक होतं. त्याच्या गाडीचं इंजिन बंद पडलं होतं. त्याने चावी फिरवली. काहीच नाही. दिवे नाहीत, हॉर्न नाही. माझ्याकडे पाहून तो एवढंच म्हणाला, "तुम्हाला भाजलं नाही ना?"

हे वाक्य मला बारा वर्षांत विसरता आलेलं नाही. मदतीला थांबलेल्या माणसाची रोजीरोटी मी त्याच्या डोळ्यांदेखत बंद पाडली होती, आणि तो माझे हात बघत होता.

त्यानेच फोन करून काकांना बोलावलं.

काकांची फाट्यापाशी ऑटो इलेक्ट्रिकची टपरी होती. ट्रेलरवाल्यांचं काम रात्रीच जास्त, म्हणून ते जागेच असत. अर्ध्या तासात स्कूटरवरून आले. डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पुढे पत्र्याची पेटी. वय साठीच्या आसपास, बोलणं ठेवणीतलं आगरी, ज्यात गाडीची गारी होते आणि काळ्याचा काला होतो. कोणी काय केलं, कशाला केलं, हे त्यांनी विचारलंच नाही. दोन्ही बॉनेटमध्ये टॉर्च मारला, एकदा वास घेतला आणि म्हणाले, "आधी याची."

मी म्हटलं, "काका, माझ्या वडिलांना सकाळी..."

"आयकला मी. तुज्या बापाला पोचवू. पन याची रोजी हाय बाय, आनि तो तुज्यासाटी थांबला व्हता."

मला तेव्हा थोडा रागच आला होता. आज वाटतं, त्या रात्री माझ्या वतीने एवढा न्याय कुणीतरी करायलाच हवा होता, आणि मी स्वतः तो करण्याच्या स्थितीत नव्हते.

त्याच्या गाडीचं काम वीस मिनिटांत झालं. बॅटरीच्या प्लसजवळच्या पेटीत स्क्रूने आवळलेला मेन फ्यूज असतो, तो वितळला होता. काकांनी मीटर लावून अल्टरनेटरकडे, म्हणजे चालत्या इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राकडे, जाणारी तार तपासली, शॉर्ट नाही याची खात्री केली, पेटीतून तेवढ्याच अँपियरचा फ्यूज काढून बसवला. गाडी सुरू झाली. मीटर परत बॅटरीवर धरलं, चौदाच्या वर आकडा स्थिर. "डायनमो शाबूत," म्हणाले. अल्टरनेटरला ते डायनमोच म्हणत. तो चालक मात्र गेला नाही, माझी गाडी ढकलून टपरीपर्यंत आणायला थांबला. मी पैसे पुढे केले, तर त्याने फ्यूजचे तेवढे काकांना द्यायला सांगितले आणि निघून गेला. नाव विचारायचं मला सुचलं नाही. काकांनाही तो "गारीवाला पोर" एवढाच माहीत होता, मधूनमधून हॉर्न नाहीतर दिवा करून घ्यायला येणारा. पुढे दोनतीन महिने मी रोज रात्री त्या रस्त्यावर पिवळ्या पाट्या वाचत होते. तो परत दिसला नाही.

आता माझी गाडी. इथे काकांनी जे केलं ते मी बाजूला उभी राहून पाहिलं, आणि आजही डोळे मिटले की टपरीतल्या त्या पिवळ्या उजेडासकट दिसतं.

माझाही मेन फ्यूज उडाला होता. नवा फ्यूज काकांच्या हातात होता, पण त्यांनी तो लावला नाही. पेटीतून इंडिकेटरचा एक बल्ब काढला, एकवीस वॅटचा, त्याला दोन तारा डाखलेल्या आणि टोकांना चिमटे. जळलेल्या फ्यूजच्या जागी, त्या दोन बोल्टांच्या मध्ये, हा बल्ब जोडला आणि टपरीतली भरलेली बॅटरी गाडीला लावली. किल्ली खिशात, गाडीतलं सगळं बंद. बल्ब लख्ख पेटला.

"बघ," ते म्हणाले. "काय चालू नाय, तरी पेटला. म्हंजे आत वाट हाय. आता नवा फ्यूज घातला असता, तर तो पन जलला असता."

हा साधा उपाय आहे, पण त्याचं शहाणपण मला पुढे समजलं. फ्यूजच्या जागी बल्ब असला की आत कितीही शॉर्ट असू दे, बल्बातून जाते तेवढीच वीज जाते, दीड-पावणेदोन अँपियर. तार जळत नाही, काही बिघडत नाही, आणि बल्ब आपल्याशी बोलत राहतो. लख्ख पेटला तर शॉर्ट. मंद पेटला तर काहीतरी छोटं चालू आहे. विझला तर वाट बंद. दार उघडं होतं, त्यामुळे आतला दिवा वीज ओढत असेल म्हणून काकांनी ते लावायला सांगितलं. बल्ब तसाच लख्ख. मग एकेक करून ते तोडत गेले. आधी आतल्या फ्यूज बॉक्सकडे जाणारी तार. बल्ब तसाच. मग सेल्फची. तसाच. मग खाली वाकून, हात कोपरापर्यंत इंजिनमागे घालून, अल्टरनेटरची मागची जाड तार सोडवली आणि बोल्टापासून दूर केली.

बल्ब विझला.

काका हसले नाहीत, खूश झाल्यासारखंही दिसले नाहीत. त्यांनी तार परत टेकवली, बल्ब पेटला. काढली, विझला. असं तीनदा केलं. मग त्या तारेच्या टोकाला टेप गुंडाळून ती बाजूला बांधली, बाकीच्या तारा जागच्या जागी जोडल्या आणि बल्ब काढून नवा फ्यूज आवळला. किल्ली मागितली. डॅशबोर्ड उजळला, पंप घुरघुरला, सेल्फने इंजिन उचललं. मी खाली बसले आणि रडले.

नेमकं काय झालं होतं ते त्यांनी नंतर मला समजावलं. प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलं की दोन बॅटऱ्या शेजारीशेजारी उभ्या राहून एकमेकींना आधार देतात. उलटं जोडलं की त्या एकीमागे एक लागून रिंगण होतं, आणि त्या रिंगणात अडवायला तांब्याच्या केबलखेरीज काही नसतं. शेकडो अँपियर वाहतात. मेलेली बॅटरी त्या लोंढ्यापुढे टिकत नाही, तिच्या टोकांवरचा दाबच उलटा होतो, आणि अख्ख्या गाडीला क्षणभर प्लसच्या जागी मायनस मिळतो. अल्टरनेटरमध्ये सहा डायोड असतात, एकाच बाजूला उघडणारी दारं. सरळ वीज असताना ती बॅटरीची वीज मागे येऊ देत नाहीत. उलटी वीज आली की सगळी एकदम सताड उघडतात. माझ्या गाडीचं नशीब एवढंच की मेन फ्यूज डोळ्याचं पातं लवायच्या आत तुटला. "फ्यूज जलला म्हनून रडू नको. त्याचं कामच जलाचं हाय."

रात्रीचा दीड वाजला होता. अल्टरनेटर उतरवून उघडायचा तर डायोडची प्लेट लागणार, आणि ती सकाळी दुकान उघडल्याशिवाय मिळणार नव्हती. माझ्या बॅटरीचे दोन सेल गेले होते. काकांनी थोडा विचार केला आणि टपरीच्या मागून दोन बॅटऱ्या आणल्या. त्यांच्या स्वतःच्या होत्या. लाइट गेली की टपरी त्यांच्यावर चाले.

"डायनमोशिवाय जा. गारी बॅटरीवर चालंल. दिवे लावू नको, एसी लावू नको, पंखा पन नको. पाऊस आला तर वायपर लाव, तेवढा चालंल. एक जाताना, एक येताना."

आणि मग त्यांनी माझ्या हातात दहाचा पाना दिला.

मी म्हटलं, मला नको, तुम्हीच लावा. त्यांनी ऐकलं नाही. "पनवेलला मी नसन. तुलाच बदलाची हाय." काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस, मग मायनस. कारण मायनस म्हणजे गाडीचा सगळा पत्रा. तो आधी सुटला की प्लसवर पाना फिरवताना तो पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. ते त्यांनी मला तोंडाने म्हणायला लावलं, मग हाताने करायला लावलं, चार वेळा. प्रत्येक वेळी माझा हात प्लसपाशी येऊन थांबायचा आणि मी त्यांच्याकडे पाहायची. ते टपरीतल्या बल्बाकडे बघत बसायचे, माझ्याकडे नाही. पाचव्या वेळी मी त्यांच्याकडे न बघता लावली.

सकाळी पावणेसहाला मी आणि बाबा उरणहून निघालो. पाऊस होता, ट्रेलरची रांग होती, काचेवर वाफ धरत होती आणि मला पंखा लावायचा नव्हता. बाबा शेजारी बसून पंच्याने काच पुसत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे ते विचारलं, इंजिनला किती लागत असेल याचा अंदाज केला, मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, "तीन तास चालेल. आपल्याला एक लागेल." मग गव्हाण फाट्यापर्यंत ते काहीच बोलले नाहीत. आम्ही वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो.

साडेबाराला बाबा बाहेर आले, थकलेले, हाताला पट्टी. हॉस्पिटलच्या आवारात भर पावसात मी बॉनेट उघडलं. बाबांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली. आधी मायनस. मग प्लस. जुनी बाहेर, नवी आत. कपड्याने दोन्ही खांब पुसले, चिन्ह पाहिलं, खांबाची जाडी बोटाने चाचपली. आधी प्लस. मग मायनस. बाबा मोठ्याने म्हणत होते, वर्गात पाढे म्हणून घेत तसं. गाडी पहिल्या फिरवणीला लागली.

त्या दुपारी बाबा घरी गेले नाहीत. काकांच्या टपरीत स्टुलावर बसले आणि अल्टरनेटर उघडताना पाहत राहिले. काकांनी प्लेट सोडवून त्यांच्यासमोर ठेवली, मीटर त्यांच्याच हातात दिलं. एक सुई इकडे, एक तिकडे, मग उलट. चांगला डायोड एका बाजूने अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दाखवतो आणि दुसऱ्या बाजूने काही नाही. गेलेला डायोड दोन्ही बाजूंनी पीप वाजवतो. सहापैकी दोन वाजले, एक वरच्या पट्टीतला, एक खालच्या. बाबा म्हणाले, "म्हणून सरळ वाट झाली. दोन्ही वरचेच गेले असते, तर खालच्यांनी अडवलं असतं आणि रात्री तुमचा बल्ब पेटला नसता." काका त्यांच्याकडे पाहत राहिले. "मास्तर, तुमी आमच्या शालेत असता, तर मी शाला सोरली नसती."

तिथून त्या दोघांची गट्टी जमली. मंगळवार-शुक्रवार पनवेलहून येताना बाबा गाडी टपरीपाशी थांबवायला सांगत. काका मूळचे शेव्याचे. बंदर यायच्या आधी न्हावा आणि शेवा ही खाडीकाठची गावं होती, भातशेती, मासेमारी, मिठागरं. काकांच्या घरच्यांचं मिठागरावर काम होतं. शेवा गाव उठलं, तिथले लोक आता नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा अशा दोन वस्त्यांत राहतात. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. त्याच्या बांधकामावर काका डंपरवाल्यांच्या वायरमनचा हेल्पर म्हणून लागले होते, आणि हातातली कला तिथूनच आली. दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीला टपरी बंद असे. १९८४ साली याच तारखांना जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले होते, दि. बा. पाटील त्यांचे नेते होते. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. काकांचे वडील त्या गर्दीत होते. काका त्याबद्दल फार बोलत नसत, पण त्या दोन दिवसांत कितीही मोठा ट्रेलर अडकला तरी पेटी उघडत नसत. बाबा त्या दिवशी मुद्दाम टपरीसमोरून जात, बंद फळ्या पाहत आणि मला म्हणत, "बरोबर आहे."

पण मला जे सांगायचं आहे ते याच्याही पुढचं आहे.

पुढच्या पावसाळ्यात गाडी पुन्हा कुरकुरायला लागली. इंडिकेटर दिला की हेडलाइट त्याच तालात मंद-प्रखर व्हायचा. सेल्फ कधी घेई, कधी नाही. स्टिअरिंग मध्येच जड होई, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागे आणि आपला आपण जाई. मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. गाडीला मागे उलट केबल लागली होती, हे मीच सांगितलं. ते ऐकल्यावर तिथल्या माणसाने पुढे फारसं पाहिलं नाही. इंजिनचा कंट्रोल युनिट गेला, वायरिंग आतून भाजलंय, सगळं बदलावं लागेल. आकडा माझ्या तीन पगारांएवढा होता. मला तो पटला, हे विशेष. माझ्या मनात वर्षभर हेच होतं की त्या रात्री मी काहीतरी जाळून ठेवलं आहे आणि ते एकेक करून बाहेर येणार.

त्याच सुमारास बाबांच्या हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, बंद पडला होता. मीच मनाशी जोडलं होतं की त्या शुक्रवारच्या दगदगीने, पावसात छत्री धरून उभं राहिल्याने हे झालं. डॉक्टरांनी तसं काही नाही म्हणून सांगितलं, तरी मी ते धरून ठेवलं.

शेवटी मी गाडी काकांकडे नेली. त्यांनी मीटर काढलं. एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. मला सेल्फ मारायला सांगितलं. ही दोन्ही ठिकाणं एकाच परतीच्या वाटेची दोन टोकं, तेव्हा त्यांच्यात व्होल्ट जवळपास नसायला हवेत. मीटरवर दोनच्या वर आले. त्यांनी मला खाली वाकायला लावलं आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची विणलेली पट्टी दाखवली. ती पार हिरवी झाली होती. त्यांनी बोटाने दाबली तर भुसा पडला. इंजिनची सगळी वीज परतीच्या वाटेसाठी धडपडत होती, मिळेल त्या बारीक तारेतून जात होती, म्हणून इंडिकेटर लागला की हेडलाइट मंदावत होता.

"हे जललेलं नाय," काका म्हणाले. "हे सरलेलं हाय. मिठाने. तू केबल लावाच्या आधीपास्नं सरत व्हतं, दोन-तीन वरसं. तुजं जे जललं ते मी काढलं, फ्यूज आनि दोन डायोड. तेवढंच. सगलं खापर त्या एका रातीवर फोरू नको, बाय. मोजून बघ. मोजलं की समजतं कोनतं तुजं आनि कोनतं नाय."

ते गाडीबद्दलच बोलत होते. बाबांच्या हाताचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. नवी पट्टी लावली, खालचा गंज कानशीने घासून लोखंड चकचकीत केलं, वरून ग्रीस थापलं. सगळे मिळून साडेतीनशे रुपये झाले. स्टिअरिंग पुन्हा कधी जड झालं नाही, तो दिवा पुन्हा कधी लागला नाही. घरी जाऊन मी बाबांच्या डायलिसिसच्या फाइली काढल्या, त्या शुक्रवारच्या आधीच्या आणि नंतरच्या, आणि तारखांसमोर आकडे लिहून काढले. फिस्टुल्याचा प्रवाह त्या रात्रीच्या चार महिने आधीपासून उतरत आला होता. मी तो कागद रात्रभर उशाशी ठेवला.

बाबा डिसेंबर २०१६ मध्ये गेले. काका आले होते, बाराव्याला, पांढरा सदरा घालून. दोन वर्षांनी रस्त्याच्या कामात टपरी उठली. काकांनी काम थांबवलं, डोळ्यांनी बारीक तार दिसेनाशी झाली होती. मी गणपतीत त्यांच्या घरी जाते. यंदा त्यांच्या नातवाने अटल सेतूवरून मुंबईला नोकरीला जातो म्हणून सांगितलं, सोळा-सतरा किलोमीटर पाण्यावरून. काकांनी विचारलं, गाडीत केबल ठेवतोस ना. त्याने मान डोलावली. मग त्यांनी त्याला लाल टेपचं रीळ दिलं आणि प्लसच्या दोन्ही चिमट्यांना खुणा करून आण म्हणाले. शेवटचा काळा चिमटा कुठे लावायचा, हे त्यांनी मला सांगायला लावलं. बंद पडलेल्या गाडीच्या बॅटरीला नाही. इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

बाबा रोज हिशेबाची वही लिहीत. दूध, औषधं, रिक्षा, सगळं. त्यांच्यानंतर मी त्या चाळल्या. २५ जुलै २०१४ च्या पानावर डायोड प्लेट, फ्यूज, मजुरी, असे आकडे होते. त्याखाली लिहिलं होतं, "बॅटऱ्या दोन, उसन्या. देणे", आणि रकान्यात आकडा नव्हता. पुढची ओळ होती, "गाडीवाला मुलगा. देणे", आणि तिथेही रकाना रिकामा. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाने रकाना रिकामा ठेवलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. २०१५ च्या वहीच्या पहिल्या पानावर, "मागील वहीवरून पुढे" या शब्दांखाली, त्या दोन ओळी पुन्हा होत्या. २०१६ च्या वहीतही.

२०१७ ची वही मी आणली. पहिल्या पानावर त्या दोन ओळी उतरवून घेतल्या, आणि तेव्हापासून दर जानेवारीत घेते.